‘शांतता राखा’ म्हणणं मी का सोडलं

नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात लग्न, साखरपुडा, सेवापूर्ती, सत्कार किंवा पतसंस्थेची वार्षिक सभा असली की निवेदनाला मला बोलावतात. शाळेत मराठी शिकवत होतो तेव्हा हा हौसेचा मामला होता, निवृत्तीनंतर तो जवळजवळ धंदाच झाला. या सगळ्या काळात माइकवरून मी सर्वांत जास्त वेळा कुठलं वाक्य उच्चारलं असेल, तर ‘कृपया शांतता राखा’. आधी विनंती, मग आर्जव, मग दटावणी आणि शेवटी टोमणा, असा त्याचा चढता क्रम असायचा. माझं ठाम मत होतं की आपल्याकडच्या माणसांना चार भिंतींत सभ्यपणे बसायची शिस्त नाही. एका स्थानिक दिवाळी अंकात मी तसा लेखही लिहिला होता आणि तो बऱ्याच जणांना पटलाही होता.

आज ते मत माझं राहिलेलं नाही. गोंगाट माणसं करतात हे खरं, पण त्यांना तो करायला लावते ती वास्तू, असं आता मला वाटतं. शिस्तीचा वाटा आहे, पण मी समजत होतो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतका थोडा.

माझं जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. पाचशे माणसांचं लग्न, हॉल नवाकोरा, काचेसारखी चकचकीत फरशी, छताला पीओपीची नक्षी आणि झुंबरं. स्टेजवर आमदार बोलतायत, खाली लोक आपापल्या गप्पांत. मी आवाज वाढवायला सांगितला की ऑपरेटर वाढवायचा, की लोकही वाढवायचे. शेवटी कानठळ्या बसायच्या आणि कुणालाच काही समजायचं नाही. हेच लोक पुण्यात नाटकाला गेले की चिडीचूप बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे जमतं, पण करत नाहीत. निष्कर्ष सरळ होता.

या सरळ निष्कर्षाला पहिला तडा गेला तो हरिनाम सप्ताहात. आमच्याकडे सप्ताह म्हणजे गावकीचा सोहळा. देवळासमोर कापडी मांडव, खाली सतरंज्या, बाजू उघड्या. काल्याच्या कीर्तनाला गाव लोटतं. पोरं रडत असतात, मागे चहाची किटली फिरत असते, कडेला तरण्या पोरांचं चाललेलं असतं. त्यांना शांत मुळीच म्हणता येणार नाही. तरीही बुवांचा शब्दन् शब्द शेवटच्या ओळीत कळतो, आणि तोही दोन साध्या कर्ण्यांवर. त्याच आठवड्यात त्याच गावातलं एक लग्न हमरस्त्यावरच्या कार्यालयात होतं. माणसं तीच, निवेदक मी, आणि स्पीकर बुवांच्या कर्ण्यांच्या चौपट तरी असतील. पण मुलीच्या मामांचं नाव मी तीनदा पुकारलं, आणि ते पहिल्याच रांगेत बसलेले असून उठले नाहीत.

सप्ताहात भक्ती असते, लग्नात जेवणाकडे लक्ष असतं, अशी मी मनाची समजूत घातली. पण तमाशाचं काय? नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग यांनी तर नारायणगावकर हे नाव देशभर नेलं. तमाशाच्या कनातीत बसणाऱ्या पब्लिकला शिस्तीचा दाखला कुणी देणार नाही. शिट्ट्या, फेटे उडवणं, ‘पुन्हा एकदा’ची आरोळी, सगळं असतं. आणि तरी लावणीचा शब्द, सोंगाड्याची कोटी मागच्या माणसाला कळते, तो नेमक्या जागी हसतो. भक्तीचं स्पष्टीकरण इथे लागू पडेना. दोन्हीकडे सामाईक होतं ते एकच, उघड्या किंवा कापडाच्या बाजू आणि वर मोकळं आभाळ किंवा पातळ कापड.

दुसरा धक्का घरातूनच बसला. माझी आत्या ऐंशीच्या पुढची. नातवाच्या लग्नात तिला मुद्दाम पहिल्या सोफ्यावर बसवलं होतं. मंगलाष्टकं चालू असताना ती एकटक भटजींच्या ओठांकडे बघत होती. मग पदराआडून तिने कानातलं मशीन काढलं, हातरुमालात गुंडाळलं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं. मी जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाली, “घातलं तर डोकं उठतंय, काढलं तर आयकू येत नाय. मंग उगं बसलेलं बरं.” नंतर अक्षता पडल्या तेव्हा इतरांचे हात वर गेलेले पाहून तिने आपला हात वर केला. आता हिला मी माइकवरून काय सांगणार होतो? ती तर शांतच बसली होती, आणि अख्ख्या हॉलमध्ये सर्वांत जास्त नुकसान तिचंच झालं होतं.

त्याच कार्यालयाच्या पायरीवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो स्थापत्य अभियंता झालाय. माझी कुरकुर ऐकून म्हणाला, “सर, जेवणं उरकून हॉल रिकामा झाला की मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा.” संध्याकाळी वाजवली. टाळी संपली आणि तिच्या मागोमाग समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ‘टर्रर्र’ असा आवाज धावत राहिला, मग वर कुठेतरी घुमत गेला आणि हळूहळू विरला. मी मनात अंक मोजत होतो. पाचापर्यंत आलो तरी शेपूट उरलंच होतं. हॉलमध्ये माझ्याखेरीज फक्त खुर्च्या उचलणारी दोन पोरं होती. शिस्त मोडणारं तिथे कुणीच नव्हतं.

मग मी वाचायला लागलो. या शास्त्राची सुरुवातच एका नापास हॉलपासून झाली, हे वाचून गंमत वाटली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात बोललेलं कुणाला कळेना. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकावर ते निस्तरायचं काम आलं. साध्या आवाजात उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून या खोलीत मांडल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजलं. गाद्या वाढवत जावं तसा वेळ कमी होत गेला, आणि पुरेशा गाद्या भरल्यावर तो एक-सव्वा सेकंदावर आला. पहाटेपर्यंत मोजमाप आणि उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर, असा त्याचा क्रम असे. त्यातून जो नियम निघाला त्यावर पुढे बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला, १९०० साली.

नियम सोपा आहे. हॉल म्हणजे पाण्याचा हौद समजा. बोलणारी माणसं त्यात आवाज भरतात आणि भिंती, छत, फरशी, कपडे, पडदे यांच्यातून तो झिरपून जातो. झिरपायला वाटच नसेल तर थोड्या धारेनेही हौद काठोकाठ भरतो. सॅबिनने या झिरपण्याचं माप धरलं ते उघड्या खिडकीवर, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक पूर्ण माप. हॉलचं आकारमान घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६ ने गुणायचं आणि अशा एकूण मापांनी भागायचं. उत्तर येतं ते आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद.

आमच्याकडच्या बेताच्या हॉलवर हे लावून बघू. ३० मीटर लांब, १८ मीटर रुंद, ७ मीटर उंच. आकारमान झालं ३,७८० घनमीटर. फरशी, छत, भिंती मिळून सुमारे १,७५० चौरस मीटर पृष्ठभाग. तो सगळा टाइल, प्लास्टर, काच आणि पीओपीचा. हे पदार्थ आपल्यावर पडलेल्या आवाजातला जेमतेम दोन ते पाच टक्के गिळतात, बाकीचा जसाच्या तसा परत पाठवतात. सढळ हाताने पाच टक्के धरले तरी उघड्या खिडकीची मापं भरतात अवघी ८८. गणित मांडा, उत्तर सात सेकंदांच्या जवळ जातं. पाचशे माणसं आत आली की त्यांचे कपडे आणि अंगं मिळून हा आकडा दोन सेकंदांवर येतो. म्हणजे ज्यांना मी गोंगाटाचं मूळ समजत होतो, तीच माणसं त्या हॉलमधली सर्वांत कामाची आवाज शोषणारी वस्तू होती!

दोन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. पण मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात, एका चरणात १९ अक्षरं. भटजी सेकंदाला चार अक्षरं म्हणत असतील, तर नवव्या अक्षराला पहिलं अक्षर अजून हवेत असतं आणि मधली सगळीही. कानावर पडतो तो त्या सगळ्यांचा लगदा. ‘सावधान’ तेवढं कळतं, कारण त्यानंतर सगळे थांबतात. स्पीकरचा आवाज वाढवला तर ताजं अक्षर मोठं होतं आणि मागचं शेपूटही तितकंच मोठं होतं. पदरी काही पडत नाही. ‘आवाज वाढव रे’ असं मी ऑपरेटरला जितक्या वेळा म्हणालो, तितक्या वेळा हौदात भर घातली, एवढाच त्याचा अर्थ.

राहिला प्रश्न लोकांच्या ओरडण्याचा. त्याचंही उत्तर जुनं आहे. १९११ साली एतियेन लोंबार या पॅरिसच्या कान-घशाच्या डॉक्टराने दाखवून दिलं, की कानावर गलका पडायला लागला की माणूस नकळत आवाज चढवतो. गलका थांबला की उतरवतो. त्यात ठरवून केलेलं काही नसतं, आपलाच आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून गळा ते परस्पर करतो. आता हॉलमध्ये काय होतं बघा. पन्नास जणांचं बोलणं विरत नाही, म्हणून एक्कावन्नावा जरा मोठ्याने बोलतो. तेही विरत नाही, म्हणून बावन्नावा आणखी. दहा मिनिटांत अख्खा हॉल ओरडत असतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपण साधंच बोलतोय. नाटकाला गेलेले आमचे लोक चिडीचूप बसतात त्यातलं अर्धं पुण्य नाट्यगृहातल्या मऊ खुर्च्या, गालिचे, पडदे आणि मागच्या भिंतीवरची छिद्रांची तक्तपोशी यांच्या खात्यावर जातं. तिथे कुजबूज उठते आणि जागीच मरते. दुसऱ्याला ती ऐकू येत नाही, म्हणून तो सूर चढवत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांची लग्नं दारच्या मांडवात व्हायची. तो मांडव सॅबिनच्या मापाने पाहिला तर तीन-चार बाजूंनी उघडी खिडकीच होता. वर आंब्याचे टाळे, खाली सारवलेली जमीन आणि घोंगड्या, मागे कौलारू घर. अशा ठिकाणी आवाज परत यायला जागाच नव्हती. भटजींना माइकची गरज पडत नसे ती त्यांच्या फुप्फुसांमुळे, असं आम्ही समजत आलो. फुप्फुसं होती, पण मांडवही होता. लग्न कार्यालयात गेलं, पावसाची, चिखलाची आणि आचाऱ्याची चिंता मिटली आणि हे एक हातचं गेलं. कार्यालयं नसावीत असं मी म्हणत नाही, वैशाखातल्या वळवाने ज्यांची पंगत मोडली आहे ते तसं म्हणणार नाहीत. पण बदल्यात काय दिलं ते आम्ही मोजलं नाही.

‘मग लेण्याद्रीचं काय? तिथे तर सगळा दगड!’ असं मला एका मित्राने अडवलं. आक्षेप चांगला होता, म्हणून मी मुद्दाम या नजरेने, किंवा या कानाने, लेणी पुन्हा पाहिली. गिरिजात्मजाचा गाभारा ज्या विहारात आहे, त्याचा सभामंडप सुमारे पन्नास फूट लांब-रुंद आणि मधे एकही खांब नाही. दगड आवाज गिळत नाही, तेव्हा आरती तिथे घुमतेच. पण छत लांबी-रुंदीच्या मानाने बसकं आहे. उंची कमी म्हणजे आकारमान कमी, आकारमान कमी म्हणजे आवाज विरायला वेळ कमी. भिंतींना लागून भिक्षूंच्या कोठड्यांची दारं आहेत, तिथे आवाज तुटतो आणि विखुरतो. आमच्या कार्यालयांनी उंची दुप्पट-तिप्पट केली आणि भिंती मात्र सपाट, एकमेकींच्या समोरासमोर ठेवल्या. जुन्नरच्या पश्चिमेला तुळजा लेण्यांत तर गोल चैत्यगृह आहे, मधे स्तूप, भोवती बारा खांब, वर घुमट. घुमट आवाज गोळा करून मध्याकडे टाकतो, विजापूरच्या गोलघुमटात तो सात-सात वेळा ऐकू येतो, हे शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुळजा लेण्यांत मध्यावर माणूस उभाच राहू शकत नाही, तिथे स्तूप आहे. हे ठरवून केलं की नाही, यावर मी भाष्य करणार नाही. पण मंत्रपठण आणि मामांचं नाव पुकारणं यांच्या गरजा वेगळ्या. संथ, एका सुरातल्या पठणाला घुमणं शोभा देतं, भाषणाला ते मारक ठरतं.

इथेच मला माझ्या नव्या मताला आवर घालावा लागला. सुरुवातीच्या उत्साहात मी प्रत्येक घुमणाऱ्या जागेचा शत्रू झालो होतो. एका मृदंगवाल्याने मला भानावर आणलं. म्हणाला, “गुरुजी, सगळंच गिळून टाकलंत तर पखवाजाला अंगच राहणार नाही.” बरोबर होतं. भजनाच्या देवळात दीड-दोन सेकंदांचं घुमणं हवंच, सभेच्या हॉलला एक सेकंदाच्या आसपास पुरतं. आणि वर्गखोलीला जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत ०.६ सेकंद सुचवलं आहे. मुंबईच्या एनसीपीएतलं टाटा थिएटर १९८० साली उघडलं. वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते भारतीय संगीत माइकशिवाय ऐकता यावं या हिशेबाने आखलं. तिथे आवाज सरसकट मारलेला नाही, कामापुरता राखला आहे. आधी काम ठरवायचं, मग सेकंद ठरवायचे, हा क्रम आपल्याकडे उलटा असतो. आधी ग्रॅनाइट ठरतो. सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठी आपलं भारतीय मानक १९६३ सालापासून छापील आहे, आयएस २५२६. पण आमच्याकडे हॉल बांधायला काढणारे ते बघत नाहीत, फरशीचा कॅटलॉग बघतात.

उपाय काय, हे आता मला लोक विचारतात, जणू मीच अभियंता आहे. वरच्याच हॉलच्या निम्म्या छताला, म्हणजे २७० चौरस मीटरला, कापडात बांधलेल्या रॉकवूलच्या दोन इंची गाद्या टांगल्या, तर त्या पडलेल्या आवाजातला साधारण ऐंशी टक्के गिळतात. रिकाम्या हॉलचे सात सेकंद दोनच्या थोडे वर येतात आणि भरलेल्या हॉलचे दोन सेकंद सव्वाच्या आत. शोषणाची मापं दुप्पट झाली तर कागदावर गोंगाट ३ डेसिबलने उतरतो, पण हॉल उतरला की माणसंही आवाज उतरवतात, त्यामुळे प्रत्यक्षात पडणारा फरक त्याहून बराच जास्त. छतानंतर नंबर स्टेजसमोरच्या मागच्या भिंतीचा, कारण स्पीकरचा मारा तिच्यावर आपटून उशिरा परत येतो. स्टेजच्या मागची भिंत मात्र टणकच ठेवायची, ती वक्त्याचा आवाज पुढे ढकलते. दोन अजस्र स्पीकर स्टेजला लावण्यापेक्षा लहान-लहान स्पीकर लोकांच्या डोक्याजवळ, कमी आवाजात, खाली तोंड करून लावावेत. भांडी धुण्याची जागा दार लावून वेगळी करावी. आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं बसवावीत, टाइलवर पाचशे खुर्च्या सरकतात तेव्हा काय होतं ते पंगतीला बसलेल्याला विचारा. हा शेवटचा उपाय जवळजवळ फुकट आहे, आणि तोच कुणी करत नाही.

काय करू नये, तेही सांगतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणारे मी पाहिलेत, थर्माकोलची शीटंही. थर्माकोलची छिद्रं बंद असतात, हवा आत जात नाही, म्हणून आवाजही जात नाही. अंड्यांच्या ट्रेने वरच्या पट्टीतलं थोडं कमी होतं, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि दोन्ही चीजा आगीला निमंत्रण. जिथे हळद, होम आणि झुंबरांची वायरिंग एका छताखाली आहे, तिथे हा खेळ नको. पातळ गालिचा भिंतीला घट्ट चिकटवला तर तोही अंड्यांच्या ट्रेइतकाच उपयोगी. उलट जाड पडदा चुण्या पाडून भिंतीपासून वीतभर पुढे टांगला तर कितीतरी खालच्या सुरांपर्यंत काम करतो. भिंतीला लागून हवा हलत नाही, थोडं पुढे ती जोरात हलते आणि कापडाच्या धाग्यांत घासून दमते. वीतभर जागा सोडायची, यापलीकडे त्यात काही गौडबंगाल नाही.

एका शाळेच्या बहुउद्देशीय सभागृहात आम्ही माजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून यातलं थोडं करून पाहिलं, छताला गाद्या आणि मागे पडदे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे माइकपाशी उभा. पोरं पोरंच होती, बोलत होतीच. पण बोलणं बोलण्याच्या पट्टीत राहिलं. नाटुकल्यातला विनोद मागच्या बाकांवर हसला गेला. एक पालक कार्यक्रमानंतर म्हणाले, “यंदा पोरं शहाण्यासारखी बसली.” मी त्यांना छताकडे बोट दाखवलं. त्यांना काही विशेष पटलेलं दिसलं नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होतो.

हॉलवाल्यांची बाजूही माझ्या कानावर येते. “सर, टाइल पुसायला बरी पडते. गादीवर हळद उडाली, पारवा बसला, तर कोण धुणार?” हे खोटं नाही. म्हणूनच हाताला लागेल तिथे काही लावू नये, छताला लावावं. दुसरे म्हणतात, लोकांना आता लॉन्स हव्यात, हॉलची कटकटच नको. लॉनवर घुमणं जातं हे खरं, पण तिथे आवाज गावाच्या हवाली होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगितलेत, निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. बंद सभागृहाला आतल्याआत बोलण्यापुरती सवलत आहे. पण आत लावलेल्या गाद्या आतलं घुमणं कमी करतात, बाहेर जाणारा आवाज अडवायला जाड भिंत आणि घट्ट दारंच लागतात. शेजाऱ्याची झोप वाचवायला मऊ कापड पुरत नाही.

मला खरी काळजी आहे ती लग्नांची नाहीच. लग्न एका दिवसाचं. घोडेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला पावसाचा मारा जबर. त्या बाजूच्या पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात जुलै-ऑगस्टमध्ये मास्तर फळ्यावर लिहूनच शिकवतो, कारण बोललेलं पोहोचत नाही. पत्र्यावर पडणारा थेंब अख्खा पत्रा वाजवतो. पत्र्याखाली जरा जागा सोडून दुसरं छत, मधे रॉकवूल, एवढ्याने त्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ज्या पोरांची घरची भाषा पुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे, त्यांना शब्द अर्धाच ऐकू आला तर उरलेला अर्धा ते कुठून भरतील? अशा पोरांना मी ‘लक्ष देत नाहीत’ या खान्यात टाकत आलो. आता तो खाना उघडायला मन धजत नाही.

निवेदनाचं बोलावणं आलं की हल्ली मी आधी हॉल बघून येतो, टाळी वाजवतो, आणि हॉल घुमणारा असेल तर यजमानांना सांगतो: सत्कार पाचच ठेवा, नावं मी सावकाश घेईन, मोठे स्पीकर निम्म्यावर ठेवा. बरेच जण ऐकतात. ‘शांतता राखा’ मात्र म्हणत नाही.

आता आमच्याकडे गावोगाव देवळांचे सभामंडप पाडून नवे उभे राहतायत, वर्गणी जमतेय, ग्रॅनाइटचे भाव निघतायत. वर्गणीत माझाही वाटा असतो, म्हणून एक सूचना करतो. देणगीदाराला आपलं नाव दिसायला हवं, हे मला मान्य आहे. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी एका यवनाने संघाला भोजनमंडप दिला आणि आपलं नाव दगडात कोरून घेतलं. आज आपण पंख्याच्या पात्यावर घालतो. छताच्या गाद्यांनाही देणगीदार मिळावेत. फक्त त्यांचं नाव गादीवर रंगवू नका, रंगाने छिद्रं बुजतात आणि ती गादी पुन्हा भिंतीसारखी वागायला लागते. नाव बाहेर, दाराजवळच्या ग्रॅनाइटवर कोरा. तो तसाही काही गिळत नाही.